भंडारदऱ्याला पुढच्या आठवड्यात हवा कशी राहील? (काजवे, तंबू, बोट आणि सत्तरीतले बाबा)

पाऊलवाट विचारतात:

नमस्कार मंडळी,

येत्या शुक्रवारी पुण्याहून निघून भंडारदऱ्याला जायचं ठरतंय, परत रविवारी. मी, नवरा, दोन मुलं (थोरला सहावीत, धाकटी दुसरीत) आणि माझे बाबा. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. तब्येत ठणठणीत आहे, पण उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही. मुलांना काजवे बघायचे आहेत आणि शाळा सुरू व्हायच्या आत एवढाच शनिवार-रविवार मोकळा मिळतोय.

मोबाईलवर एक ॲप शुक्रवार ते रविवार रोज ढग आणि वीज दाखवतंय, पाऊस चाळीस टक्के. दुसऱ्यावर तिन्ही दिवस स्वच्छ ऊन आणि ३६ अंश. कोणाचं खरं मानायचं? एक मैत्रीण म्हणते पाऊस झाला की काजवे संपले, दुसरी म्हणते पावसाशिवाय काजवे निघतच नाहीत.

आणखी एक. पाण्याच्या अगदी कडेला तंबू मिळतोय, फोटो फार सुंदर आहेत. मुलं त्यासाठी हटून बसली आहेत. शनिवारी संध्याकाळी सूर्यास्त बघायला बोटीतून जायचाही बेत आहे. बाबांना घेऊन हे सगळं जमेल का? की आठवडाभर पुढे ढकलू? तिथली हवा रोज बघणाऱ्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

---

डोंगरवेडा लिहितात:

कळसूबाई करणार असाल तर पहाटे चारला बारी गावातून चढायला लागा आणि नऊ-साडेनऊपर्यंत खाली या. मे अखेरीस उन्हाचा त्रास होतोच, पण त्याहून मोठी काळजी दुपारच्या विजांची. माथा १६४६ मीटरवर, आजूबाजूला त्याहून उंच काही नाही आणि वाटेत लोखंडी शिड्या. आभाळ गडगडत असताना तिथे असणं फार धोक्याचं. बाबा आणि धाकटी सोबत असताना मी तरी कळसूबाई या खेपेला सोडूनच द्या म्हणेन. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मात्र चुकवू नका. सकाळी लवकर जा, दगडी गाभाऱ्यात बाबांना गारही वाटेल.

---

रानवाट लिहितात:

ताई, मी इथलाच. आमचं गाव जलाशयाच्या काठावर, शेंडीपासून जवळ. घरची भातशेती आहे आणि काजव्यांच्या दिवसांत पाहुण्यांच्या जेवणाची सोय घरीच करतो. रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झालेत, रोहिणी नक्षत्र लागलंय, आता पेरणी कधी टाकायची हे आभाळ बघूनच ठरायचं. त्यामुळे सध्या घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून चारदा वर बघतं. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासोबत म्हातारं माणूस आणि लेकरं आहेत.

तुमची दोन्ही ॲपं आपापल्या परीने खरं सांगताहेत. इथे सकाळी कडक ऊन असतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी वळीव झोडपून जातो. मुतखेलला अंगण वाहून निघतं आणि पलीकडे मुरशेतला धूळही बसत नाही, असं दर उन्हाळ्यात होतं. चाळीस टक्क्यांचा आकडा बघून येऊ की नको ठरवू नका. दिवसातल्या कोणत्या वेळी कुठे असायचं, हे ठरवून या.

सध्या दिवस कसा चाललाय सांगतो. पहाटे चांगलं गार असतं, घराबाहेर झोपलं तर गोधडी लागते. आठ-साडेआठपर्यंत पाण्यावर साधा तरंगही नसतो. अकरापासून ऊन भाजायला लागतं आणि बाराच्या पुढे अंगणात पाय ठेववत नाही. आपण साडेसातशे मीटरच्या आसपास आहोत, म्हणून खाली संगमनेर-राहुरीला होतं तेवढं तापत नाही, पण पारा ३५-३६ ला जातोच. मग दोनच्या सुमारास घाटघरकडून पश्चिमेचा वारा सुटतो. कोकणातला ओलसर वारा कडा चढून वर येतो आणि पाण्यावरून थेट शेंडीकडे, धरणाच्या भिंतीकडे वाहतो. तो आला की जीव थंड होतो. बाबांना दुपारी बारा ते तीन कौलारू घरात किंवा झाडाच्या दाट सावलीत बसवा, चारनंतर त्यांना काही त्रास होणार नाही. लॉजच्या पत्र्याच्या खोल्या दुपारी भट्टी होतात. खोली ठरवताना वर कौलं आहेत, स्लॅब आहे की पत्रा, हे आधी विचारून घ्या.

आता महत्त्वाचं. ज्या दिवशी दोन-अडीच वाजून गेले तरी हा पश्चिमेचा वारा येत नाही, पान हलत नाही, सदरा पाठीला चिकटतो आणि पूर्वेला राजूरच्या बाजूने पांढरे ढग भराभर उंच चढताना दिसतात, त्या दिवशी वळीव येणार असं धरून चालायचं. ढगाचा माथा पसरट झाला आणि बूड काळंनिळं झालं की हातात फार वेळ राहत नाही, कधी अर्धा तास, कधी त्याहून कमी.

वळवाच्या पावसाने माणूस भिजतो, त्याचं काही नाही. घात करतो तो पावसाच्या आधीचा वारा. ढगातून पडणारं पाणी अर्ध्या वाटेत सुकतं, त्याने हवा थंड आणि जड होते, धाडकन खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे सुटते. आमच्याकडे ही गार हवा बहुतेक वेळा पूर्वेकडून येते, म्हणजे दुपारभर वाहणाऱ्या वाऱ्याच्या बरोबर उलट. पाऊस अजून दोन-तीन किलोमीटर लांब असतो, डोक्यावर ऊन असतं, आणि जलाशयावर एका टोकाकडून पाणी काळं पडत येताना दिसतं. ती काळी रेघ काठापर्यंत पोहोचायला काही मिनिटं लागतात. पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड नाही की बांध नाही, त्यामुळे लाटा लगेच उसळतात. छोट्या होडीत माणसं घाबरून एका बाजूला सरकली की संपलं.

उजनीचं सगळ्यांना आठवत असेल. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी अशी पाण्यावरून नेहमीच्या वाटेने जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. लहान लेकरं होती त्यात. त्या लोकांचा रोजचा रस्ता होता तो. म्हणून हात जोडून सांगतो, सूर्यास्ताची बोट रद्द करा. बोटीत बसायचंच असेल तर सकाळी सात ते दहा. लाईफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पट्टे आवळून. धाकटीला तिच्या मापाचं मिळालं तरच तिला बसवा, मोठ्यांचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निसटतं. तिच्या मापाचं नसेल तर तिच्यासोबत काठावर थांबा, सकाळी काठावरही खूप बघायला आहे. पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात.

तंबूचं सांगतो. फोटोत दिसणारी ती हिरवट सपाट जागा म्हणजे जलाशयाचं उघडं पडलेलं पोट आहे. धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात खाली शेतीसाठी आवर्तनं सुटतात, आणि मे अखेर पाणी इतकं मागे सरकतं की पावसाळ्यात जिथे होडी चालते तिथे गुरं चरतात. या जमिनीची मला तीन कारणांनी भीती वाटते. एक तर तिथे तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. वरची साल वाळून भेगाळलेली, खाली गाळ. सोसाट्याचा वारा आला की खुंटी मुळासकट उपसून तंबू गडगडत जातो. दुसरं, पाण्याच्या कडेचे शेवटचे पंधरा-वीस पावलांचे अंतर. वरून घट्ट दिसतं, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो, पुढच्या पावलाला गुडघ्यापर्यंत, आणि माणूस पाय उपसायला वाकला की तोल जातो. म्हशी तिथे रुतलेल्या मी पाहिल्यात, चौघांनी दोर लावून काढाव्या लागतात. लेकरं चेंडूमागे धावत तिकडेच जातात. तिसरं कारण विजांचं. त्या मोकळ्या सपाटीवर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे तुमचा तंबू आणि तुम्ही.

मुलांचा हट्ट मोडू नका. गावाच्या अंगाला, बांधाच्या आडोशाला, पक्क्या घरापासून शंभर पावलांवर तंबू लावणारे पुष्कळ आहेत. तिथून पाणी दिसतं आणि रात्री वारा सुटला तर सगळी उठून ओसरीवर येता येतं. बाबांची झोपायची सोय घरातच करा. तंबू देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "रात्री वादळ आलं तर आम्हाला कुठे नेणार?" घराकडे बोट दाखवून उत्तर आलं तर पैसे द्या. "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

विजा कडाडायला लागल्या तर एकट्या झाडाखाली थांबू नका, मांडवात थांबू नका, पाण्यात पाय सोडून बसला असाल तर लगेच उठा. पक्कं घर जवळ असेल तर घर, नाहीतर गाडी, काचा वर करून. तंबू विजेपासून वाचवत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. मुलांना हे शिकवा, ती घाबरायची थांबतात आणि मोजायला लागतात. तीसच्या आत आवाज आला तर आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कोणाला झटका बसलाच तर त्याला हात लावायला भिऊ नका, अंगात वीज राहत नसते. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि कोणालातरी १०८ लावायला सांगा. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. रतनवाडी-साम्रदकडे मोबाईलला रेंज धड नसते, ते ध्यानात असू द्या.

आणि काजवे. तुमच्या दोन्ही मैत्रिणी बरोबर आहेत. अळ्या जमिनीत असतात, गोगलगायी खाऊन वाढतात. वळवाच्या एक-दोन सरींनी माती ओली झाली, हवेत दमटपणा आला की काजवे बाहेर पडतात. या दिवसांत हलका पाऊस झालेला चांगलाच. पण मोसमी पावसाची झड लागली की चमकणं विरळ होत जातं आणि मग संपतं. आमच्याकडे आठवड्यापूर्वी पहिली सर झाली. परवा रात्री मुतखेलच्या पुढे रस्त्याच्या कडेचा एक सादडा खालून वर शेंड्यापर्यंत उजळत होता. आधी बुंध्याजवळचे चमकायचे, मग मधले, मग वरचे, आणि क्षणभर सगळं झाड काळं. पुन्हा खालून सुरू. आमची आजी नव्वदीला आली तरी ओसरीवरून बघत बसते. हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, या झाडांवर बघा. वेळ रात्री आठ ते दहा. चांदणं नसलेली रात्र सगळ्यांत चांगली, तेव्हा कॅलेंडरवर तिथी बघून घ्या.

एक विनंती जिवापासून. झाडाशी गेल्यावर गाडीचे दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च मारू नका, मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नका. ते चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं आणि त्यांच्याकडे दिवस थोडे असतात. दिव्यांच्या झोतात ती जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी त्या झाडावर तेवढे कमी. रस्त्याकडेची जी झाडं माझ्या लहानपणी भरलेली असायची, त्यांतली काही आता काळीच राहतात. फार वाईट वाटतं.

---

नभांगण लिहितात:

रानवाट यांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त अंदाज कसा वाचायचा ते सांगतो. मी नाशिकला असतो, हवामानाचा छंद आहे.

भारतीय हवामान विभागाचे इशारे जिल्हावार येतात. भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात आहे आणि हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. अकोले तालुक्याचं पश्चिम टोक घाटमाथ्यावर, तर जामखेड पार मराठवाड्याला लागून. त्यामुळे जिल्ह्याला पिवळा इशारा आहे म्हणजे जलाशयावर वादळ होणारच असं नाही, आणि इशारा नाही म्हणजे निर्धास्त असंही नाही. मी भंडारदऱ्यासाठी नेहमी नाशिकच्या घाट विभागाचा अंदाजही सोबत बघतो. हवेच्या दृष्टीने ती जागा त्यालाच जास्त जवळची.

"तुरळक ठिकाणी" असं लिहिलं असेल तर त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. या दिवसांत रोज तेच लिहिलेलं दिसेल. "काही ठिकाणी" आलं म्हणजे निम्म्यापर्यंत, तेव्हा जास्त सावध राहा. "सोसाट्याचा वारा" आणि त्यापुढे ताशी ४०-५० किलोमीटर असं आलं तर त्या दिवशी पाण्यात उतरायचा विचार सोडा.

आठवडाभर आधीच्या अंदाजातून एकच गोष्ट बघण्यासारखी असते: मोसमी वारे कुठवर आलेत. मुंबईला त्यांची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण तीवर फार विसंबू नये. २०२५ साली ते २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचले, आणि मे संपायच्या आतच लोकांचे काजव्यांचे बेत पाण्यात गेले. दर गुरुवारी विभागाचा पुढच्या आठवड्यांचा अंदाज येतो, तो बघून जायचं की नाही ठरवा. वळवाचं मात्र आदल्या दिवशीही नेमकं कळत नाही, त्याच दिवशी दुपारी दर तीन तासांचा तात्कालिक इशारा बघायचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप घरून निघतानाच उतरवून घ्या. आजूबाजूला वीज कुठे पडतेय ते त्यात नकाशावर दिसतं. अर्थात रेंज असेल तिथेच.

पुढे ढकलावं का, यावर माझं मत: ढकलू नका. आणखी आठवड्याने मोसमी पाऊस लागण्याची शक्यता वाढते. वळवात संध्याकाळचे दोन तास जातात, मोसमी पाऊस लागला तर सगळी सुट्टी खोलीत.

---

पाऊलवाट लिहितात:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट दादा, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "या माणसाच्या घरीच जेवायला जाऊ." पाण्याच्या कडेचा तंबू रद्द केला आहे, थोरला थोडा रुसलाय पण वीज मोजायची युक्ती त्याला फार आवडली.

आता दोनच शंका. शुक्रवारी आम्ही आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असे येणार. कितीला पोहोचावं? आणि सांदण दरी मुलांना दाखवावी का?

---

रानवाट लिहितात:

बाबांना नमस्कार सांगा. जरूर या. नाचणीची भाकरी, पिठलं आणि सोबतीला करवंदाची चटणी, एवढंच असतं आमच्याकडे.

पुण्याहून सकाळी सहाला निघा म्हणजे ऊन चढायच्या आत राजूर ओलांडाल. दुपारी निघालात तर ऐन वळवाच्या वेळी कोतूळच्या घाटवळणांवर असाल, आणि वाऱ्याने रस्त्यावर झाडाच्या फांद्या येतात. उशीर झालाच आणि आभाळ भरून आलं तर राजूरला चहा घेत थांबा, तासाभरात निवळतं. शेंडीच्या नाक्यावर वनखात्याची पावती फाडून घ्या. हे अभयारण्य आहे. रात्री गाड्या आत सोडायची वेळ दरवर्षी ठरवतात, ती तिथेच विचारून घ्या. शनिवारी गाड्यांची रांग लागते, म्हणून काजवे शुक्रवारी रात्रीच बघा. शनिवारची रात्र हाताशी राहते, शुक्रवारी पाऊस झाला तरी हुकायचं नाही.

सांदण या वेळी नको. ती अरुंद घळ आहे, दोन्ही बाजूंना उभे कातळ, वर आभाळाची पट्टी तेवढी दिसते. बाहेर ढग कधी भरले ते आत कळत नाही, आणि वरच्या अंगाला पाऊस झाला तर पाणी त्या घळीतूनच वाट काढतं. दगडांवरून चढउतारही पुष्कळ आहे, दुसरीतल्या लेकराला झेपणार नाही. त्याऐवजी शनिवारी पहाटे घाटघरच्या कोकणकड्यावर जा. सहा-साडेसहाला पोहोचलात तर खाली कोकणात धुकं असतं आणि वारा गार. कठड्याच्या आत राहा, मुलांचे हात सोडू नका. परतताना रतनवाडीला देऊळ, आणि अकराच्या आत सावलीला.

येताना बाबांची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, एक जाड चादर घ्या, आणि गाडीत पेट्रोल राजूरलाच भरून घ्या. शुक्रवारी दुपारी आभाळाचा रंग कसा आहे ते मी इथेच लिहीन, निघाल्यावर एकदा बघून घ्या.